न मारलेला दगड

मुलांनो, तुमच्यावर कधी खोटा आळ आला आहे का? आपल्या हातून काहीही घडलेले नसते, तरी सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतात. आपण 'मी नाही केले' असे सांगतो, पण कोणी ऐकूनच घेत नाही. असा अनुभव तुम्हांला आला असेल, तर ही हकिकत तुम्हांला लवकर समजेल. फरक एवढाच, की या हकिकतीत आळ माझ्यावर आला नव्हता. आळ घेणारी मीच होते.

गोष्ट २०२३ सालच्या मे महिन्यातली आहे. मालेगावला आमच्या चाचांच्या मुलीचे लग्न होते. भाईजान, भाभी, त्यांची दोन मुले, अम्मी आणि मी असे सगळे भिवंडीहून गाडीने निघालो. गाडी नवीन होती. तिच्या छताला मोठी काच होती. बटण दाबले, की ती काच मागे सरकायची आणि डोक्यावर मोकळे आकाश दिसायचे. अशा छताला सनरूफ म्हणतात. मुलांना त्याचे भारी कौतुक!

कसारा घाट चढून आम्ही इगतपुरीला आलो. हवा थंड होती. मुलांनी हट्ट धरला आणि सीटवर उभे राहून छतातून डोकी बाहेर काढली. अम्मी रागावल्या. "चालत्या गाडीतून डोके बाहेर काढायचे नसते. अचानक ब्रेक लागला तर काय होईल?" त्या म्हणाल्या. मुले हिरमुसून खाली बसली. पुढे नाशिक मागे पडले, पिंपळगाव बसवंत गेले आणि ऊन चटके देऊ लागले. अम्मींनी काच बंद करायला लावली आणि तिच्याखालचा कापडी पडदाही ओढून घ्यायला सांगितला. त्या पडद्याने आम्हांला पुढे किती मोठ्या इजेतून वाचवले, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

चांदवड जवळ आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत कांद्याचे ढीग दिसत होते. आम्ही एक लहानसा पूल ओलांडला आणि एकाएकी डोक्यावर बंदूक झाडल्यासारखा मोठा आवाज झाला.

"टायर फुटला!" भाभी ओरडल्या. मुले रडू लागली. पण भाईजान घाबरले नाहीत. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरले. एकदम ब्रेक न मारता वेग हळूहळू कमी केला, डावीकडचा दिवा लावला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. टायर शाबूत होते. वर पाहिले तर कापडी पडदा काचेच्या ओझ्याने खाली लोंबत होता. छताची काच फुटली होती.

आम्ही खाली उतरलो. समोरच्या बांधावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याच्या हातात काठी होती आणि आसपास शेळ्या चरत होत्या. तो आमच्याकडे डोळे विस्फारून पाहत होता.

"यानेच दगड मारला!" कोणीतरी म्हणाले.

मुलांनो, 'कोणीतरी' असे लिहिणे सोपे आहे. पण खरे सांगते, ते वाक्य माझ्या तोंडून निघाले होते.

भाईजान धावत बांधावर चढले आणि त्यांनी त्या मुलाचा दंड धरला. "मी नाही मारला, दादा!" मुलगा कळवळून म्हणाला. "आवाज ऐकून मीच घाबरलो. माझ्या शेळ्या पळाल्या बघा." एवढ्यात मोटारसायकलवरून जाणारे दोघे थांबले. "ही पोरे अशीच असतात. दोन लगावा, म्हणजे कबूल करील," त्यांतला एक म्हणाला. भाईजाननी हात उगारला.

"थांब बेटा!" मागून अम्मींचा आवाज आला. त्या दाराला धरून सावकाश उतरल्या. "दगड कुठे आहे?"

"अम्मी, गाडीत पडला असेल."

"मग आधी मला दगड दाखव. हात नंतर उगार."

आम्ही शोधू लागलो. कापडाने हात झाकून पडदा हळूच खाली केला. हरभऱ्याएवढे काचेचे शेकडो दाणे वर्तमानपत्रावर ओतले. सीटच्या खाली पाहिले, पायांजवळ पाहिले. पडदा कुठे साधा टरकलाही नव्हता. दगड काही सापडला नाही.

अम्मी मागे वळून रस्त्याकडे पाहत होत्या. "आवाज कुठे झाला होता?" त्यांनी विचारले. "त्या पुलाजवळ ना? बघ, तिथे रस्त्यावर काच चमकते आहे. गाडी तिथून इथवर येऊन थांबली. हा पोरगा तर इथे उभा आहे. एवढ्या लांबून याचा दगड तिथे कसा पोहोचला?"

कोणाजवळच उत्तर नव्हते. मोटारसायकलवाले केव्हाच निघून गेले होते. भाईजाननी मुलाचा दंड सोडला. त्याच्या सावळ्या दंडावर बोटांचे वळ उठले होते.

"माझी चूक झाली. मला माफ कर," भाईजान म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. तो शेळ्या गोळा करायला निघून गेला. आणि मी? मी मराठी शिकवते. माझ्याजवळ शब्दांची कमी नाही. पण त्या वेळी 'माफ कर' एवढे दोन शब्दसुद्धा माझ्या तोंडून निघाले नाहीत.

थोड्या वेळाने तोच मुलगा परत आला. कांद्याच्या ढिगावर घालतात तसा प्लॅस्टिकचा मोठा कागद आणि सुतळी त्याने आणली होती. "आजी, उघड्या छताने धूळ आत येईल," तो अम्मींना म्हणाला. त्याने आणि भाईजाननी मिळून छतावर कागद बांधला. सुतळी कशी ओढायची, गाठ कुठे मारायची, ते तोच सांगत होता. अम्मींनी जेवणाचा डबा त्याच्या हाती दिला. त्याने लाजत तो घेतला आणि शेळ्यांमागे पळाला.

मालेगावला पोहोचल्यावर भाईजाननी काचेचे काम करणाऱ्या एका वृद्ध उस्तादांना गाडी दाखवली. उस्तादांनी काचेचे चार दाणे तळहातावर घेतले आणि ते हसले. "अशी काच दगडाशिवायही फुटते," ते म्हणाले. "ढोलकीचे कातडे ताणलेले असते ना? एका जागी कापले गेले, की फाटत जाते. ही काचही तशीच आतून ताणलेली असते."

पुढे मी या विषयावर पुस्तकांतून वाचले, तेव्हा उस्तादांचे म्हणणे मला नीट समजले. गाडीच्या बाजूच्या खिडक्यांना आणि पुष्कळ गाड्यांच्या छताला कणखर केलेली काच असते. ही काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि मग थंड हवेच्या झोताने झटकन निववतात. बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होतो आणि आकसू पाहतो. त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि आतला भाग ताणाखाली. या दाबामुळेच ही काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत होते. पण तिच्या काठाला टवका उडाला, ती चौकटीत वेडीवाकडी बसवली गेली किंवा पूर्वी खडा लागून तिच्यावर खोल चर पडला, तर तो दोष एखाद्या दिवशी आतल्या ताणापर्यंत पोहोचतो. मग क्षणात सगळ्या काचेचे दाणे होतात.

काही वेळा दोष काचेच्या पोटातच असतो. काच तयार होताना तिच्यात निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण राहून जातो. काच झटकन थंड केल्यामुळे हा कण जास्त तापमानाच्या रूपातच अडकून पडतो. पुढे तो हळूहळू आपले रूप बदलतो आणि किंचित फुगतो. हे घडायला कधी कधी काही वर्षेही लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एके दिवशी, कोणी हातही न लावता, काच फुटते. छताच्या काचा अशा फुटतात, ही तक्रार जगात इतर ठिकाणीही झाली आहे. अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने २०१३ साली अशा एका प्रकरणाची चौकशी सुरू केली होती.

ही काच दाणेदार फुटते, यात एक फायदाही आहे. साध्या काचेसारखे तिचे लांब, सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत. समोरची काच मात्र वेगळी असते. दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा घालून ती बनवतात. ती तडकली, तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०९ साली अशा जोडकाचेचे पेटंट घेतले होते. आता काही गाड्यांच्या छतालाही जोडकाच बसवू लागले आहेत.

मुलांनो, तुम्ही गाडीत असताना कधी असे झाले, तर घाबरू नका. गाडी चालवणाऱ्याला ओढू नका. गाडी थांबेपर्यंत जागेवर बसून राहा. डोळे चोळू नका. काचेचे दाणे उघड्या हाताने झटकू नका. आणि चालत्या गाडीच्या छतातून डोके कधीही बाहेर काढू नका.

पण मला याहून दुसरीच गोष्ट सांगायची होती. काच फुटली, त्याचे कारण आम्हांला दिसत नव्हते. मुलगा दिसत होता. डोळ्यांना जो दिसला, त्याला आम्ही गुन्हेगार ठरवून मोकळे झालो. त्याच्या अंगावर चांगले कपडे असते, हातात काठीऐवजी पुस्तक असते, तर मी ते वाक्य बोलले असते का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारते. माझी अम्मी फारशी शिकलेली नाही. निकेल सल्फाइडचे नाव तिने कधी ऐकलेले नाही. तिने फक्त 'दगड कुठे आहे?' एवढेच विचारले. तेवढ्या प्रश्नाने एका मुलाचा मार वाचला आणि माझ्या भावाचा हात एका पापापासून वाचला.

लग्नाहून परतताना आम्ही त्या बांधाजवळ गाडी थांबवली. प्लॅस्टिकचा कागद परत द्यायचा होता. मला माफीही मागायची होती. तो मुलगा तिथे नव्हता. जवळच्या शेतातल्या माणसांना विचारावे, असे मनात आले. पण विचारणार काय? शेळ्या चारणारी मुले तिथे पुष्कळ असतील. काचेच्या पोटातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाचे नाव मी पुढे शोधून काढले. समोर उभ्या असलेल्या त्या मुलाचे नाव विचारायचे मात्र राहूनच गेले होते.