पडद्यावरची पट्टी

भूगोल शिकविणाऱ्या माणसाला अंतराविषयी बोलण्याची सवय जडलेली असते. महाडच्या एका माध्यमिक शाळेत मी सत्तावीस वर्षे तो विषय शिकविला. नकाशावर पट्टी ठेवायची, सेंटिमीटर मोजायचे, प्रमाणाने गुणायचे आणि उत्तरापुढे एकक लिहायचे, हे किती मुलांच्या हातून गिरवून घेतले असेल याची गणती नाही. एकक न लिहिणाऱ्याचा मी अर्धा गुण कापीत असे. निवृत्त होऊन वसईला घरी परतलो तेव्हा ती लाकडी पट्टीही माझ्याबरोबर आली. परंतु ज्या मोजमापाने उतारवयात मला खाली मान घालावयास लावली, ते या पट्टीने केलेले नव्हते.

निवृत्तीनंतर वेळ सार्थकी लागावा म्हणून मी ओळखीच्यांच्या स्मरणिका आणि पुस्तिकांची पाने संगणकावर लावून देऊ लागलो. दोन चौकटींमध्ये किती जागा सुटली हे डोळ्यांना नीट कळेना, म्हणून माझ्या भाच्याने संगणकात एक पट्टी बसवून दिली. खरोखरीची पट्टीच ती. पिवळट रंगाची, आखणी केलेली. पडद्यावर जे काही उघडले असेल त्याच्यावर ती तरंगते, बोटाने ओढावी तिकडे येते, आडवी होते, उभी होते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती पिक्सेल झाले ते सांगते. पिक्सेल म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी पडद्यावरचे चित्र विणलेले असते, त्यांतील एक ठिपका. माझ्यासारख्या माणसाला असे खेळणे मिळाल्यावर काय विचारता! समासाची जागा मोजून झाली की मी फोटोतील माणसांची नाकेसुद्धा मोजीत असे.

२०२१ च्या मे महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुंबईहून दूरध्वनी आला. त्याचे घर पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत, डोंगराच्या पायथ्याशी. आई आणि धाकटा भाऊ तेथे राहतात. "सर, आमच्या घरामागचा डोंगर तुम्ही पाहिलेला आहे. घर त्याच्यापासून पुरेसे लांब आहे का हो? आई हलायला तयार नाही. तुम्ही सांगितलेत तर ऐकेल."

हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हता. महाड-पोलादपूरच्या माणसाने तो विचारावा, असेच तेथे घडले आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा महाडातच होतो. त्यानंतर बरेच दिवस डोंगराची आकृती फळ्यावर काढताना माझा हात अडखळे.

तरीही त्या दिवशी मला प्रश्नापेक्षा पट्टीचाच मोह पडला. संगणकावर उपग्रहाचे चित्र उघडले, वाडी शोधली आणि डोंगराच्या पायथ्यापासून घराच्या पडवीपर्यंत पट्टी ताणली. १६५ पिक्सेल. आता याचे मीटर करायचे होते. संगणकावरचे हे नकाशे मर्केटरने १५६९ मध्ये काढलेल्या नकाशाच्या रीतीवर बेतलेले आहेत. सर्वांत लहान पातळीवर सारे जग २५६ पिक्सेल रुंदीत मावते आणि पुढे प्रत्येक पातळीला ही रुंदी दुप्पट होते. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर. सतराव्या पातळीवर तेथे एक पिक्सेल म्हणजे १.१९४ मीटर. महाड-पोलादपूर सुमारे अठरा अंश उत्तरेस, म्हणून तेथे तो आकसून १.१३५ मीटर होतो. हा हिशेब मी वहीत मांडला, १६५ ने गुणले, उत्तर १८७ मीटर आले. मला कमालीचा आनंद झाला. विद्यार्थ्याला मी सांगितले, "अरे, १८७ मीटर आहे. बरेच अंतर झाले. आईला सांग, काळजी करू नका."

पंधरा दिवसांनी धाकट्या भावाचा दूरध्वनी आला. तो गवंडीकाम करतो. संकोचत म्हणाला, "सर, रागावू नका. माझ्याकडे तीस मीटरचा टेप आहे, म्हणून सहज धरून पाहिला. पाच टेप भरले, वर दीड-दोन मीटर. तुमचे १८७ कुठे बसत नाहीत."

मी रागावलो नाही असे लिहिले तर ते खरे होणार नाही. टेप ढिला धरला असेल, मध्ये एखादा टेप मोजायचा राहिला असेल, अशी कारणे मी त्यालाच ऐकविली. रात्री मात्र पुन्हा संगणक उघडला. नकाशाच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ असते आणि तिच्यावर '५० मीटर' असे लिहिलेले असते. मुलांना जन्मभर जिच्याकडे पाहा म्हणून सांगितले, ती प्रमाणरेषा. तिच्यावर पट्टी ठेवली. ५५ पिक्सेल. म्हणजे १६५ पिक्सेलचे बरोबर १५० मीटर. गवंड्याचा टेप खरा होता. वरचा दीड-दोन मीटरचा फरक जमिनीच्या चढाचा.

चूक कोठे झाली ते भाच्याने उलगडले. म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षरे मोठी दिसावीत म्हणून माझ्या संगणकाचा पडदा १२५ टक्क्यांवर ठेवलेला होता. त्यामुळे नकाशाचा प्रत्येक ठिपका पडद्याचे सव्वा ठिपके व्यापीत होता. माझी पट्टी पडद्याचे ठिपके मोजीत होती आणि माझे सूत्र नकाशाच्या ठिपक्यांसाठी होते. पिक्सेल हे मीटरसारखे ठरलेले माप नव्हेच. ज्या पडद्यावर, ज्या पातळीवर तो मोजला, तेथपुरताच त्याला अर्थ. एकक न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापणाऱ्या मास्तराने चुकीचे एकक धरून एका घराला ३७ मीटर अभय देऊन टाकले होते.

चूक सापडली की माणसाला वाटते, आता आपण बरोबर आहोत. मलाही तसेच वाटले. परंतु १५० हा आकडा वहीत लिहिताना हात थांबला. मला विचारले होते ते 'किती लांब' एवढेच नव्हते. 'पुरेसे लांब आहे का' असे विचारले होते. कशाला पुरेसे? उपग्रहाच्या चित्रात डोंगर वरून दिसतो, म्हणून तो सपाट दिसतो. त्याची उंची पडद्यावरच्या कोणत्याच पट्टीत येत नाही.

मग जुन्या पेटीतून भारतीय सर्वेक्षण विभागाचा पत्रक-नकाशा काढला. प्रमाण १ : ५०,०००. त्यावर १५० मीटर म्हणजे अवघे तीन मिलिमीटर. लाकडी पट्टी पुष्कळ वर्षांनी नकाशावर टेकली. घरापासून डोंगराच्या कडेपर्यंत समोच्च रेषा मोजल्या; वीस-वीस मीटरच्या सात रेषा. कडा घरापेक्षा सुमारे १४० मीटर उंच होता आणि आडव्या अंतराने घरापासून सुमारे ३०० मीटर.

स्वित्झर्लंडमधील एल्म या गावावर ११ सप्टेंबर १८८१ रोजी डोंगर कोसळला. आल्बर्ट हाइम या भूवैज्ञानिकाने अशा दरडींचा आयुष्यभर अभ्यास केला. दरड किती उंचावरून निघाली आणि आडवी किती दूर गेली, यांची तुलना करावी, ही दृष्टी त्याने दिली. माझ्या विद्यार्थ्याच्या घराचे ते गुणोत्तर निम्म्याहूनही थोडे कमी भरत होते, आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या दरडी तेवढ्या अंतराच्या पुढे सहज जातात. १५० च्या जागी माझे १८७ मीटर खरे असते, तरी उत्तर फारसे बदलले नसते. मी आकडा चुकलो ही लहान चूक होती. आकड्यालाच उत्तर समजलो, ही मोठी.

दुसऱ्या दिवशी मी त्या आईंशीच बोललो. म्हणालो, "आई, मी मागे सांगितले ते चुकीचे होते. तुमचे घर लांब नाही." पलीकडे क्षणभर शांतता. मग मी धाकट्याला सांगितले, की कड्यावर जमिनीला भेगा दिसल्या, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, तर विचार करीत बसू नये. आणि सलग मोठा पाऊस लागला तर यांतले काहीच दिसले नाही तरी आईला घेऊन माळावरच्या शाळेत झोपायला जावे. कातळावर साचलेली माती पाणी पिऊन जड होते, तिची पकड सुटते आणि रात्री हे कोणाला दिसत नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तसा पाऊस लागला. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळून माणसे गेली. तेथले दूरध्वनी बंद पडले होते. मी वसईत बसून दर तासाला तो एकच क्रमांक फिरवीत होतो. टेबलावर संगणक होता, पडद्यावर पिवळी पट्टी होती. तिला हात लावण्याची इच्छा होत नव्हती.

काही दिवसांनी धाकट्याचा आवाज ऐकू आला. मंडळी शाळेत होती. त्यांच्या घरामागचा डोंगर आला नव्हता. पडवी, गोठा, चूल, सारे जागच्या जागी होते. ज्यांचा डोंगर आला, त्यांनाही आदल्या रात्री आपला तो जागच्या जागीच दिसला असेल, हे मनातून जात नव्हते.

मग आईंनी दूरध्वनी हाती घेतला. "गुरुजी, तुमच्या त्या पट्टीपायी शाळेच्या फरशीवर पाठ मोडली माझी," त्या म्हणाल्या. मी क्षमा मागू लागलो तर त्यांनी मध्येच थांबविले. "पुढल्या पावसालाही सांगा. पण आधी पोराला टेप धरू द्या, मग तुमचे गणित करा."

तेव्हापासून दर मे महिन्यात मी तिकडे दूरध्वनी करतो. आधी कड्याची चौकशी करतो, मग तब्येतीची. पडद्यावरची पट्टी अजून वापरतो. पाने लावायला तिच्यासारखी सोय नाही. परंतु नकाशा उघडला की आधी ती कोपऱ्यातल्या प्रमाणरेषेवर ठेवतो, आणि शेजारी लाकडी पट्टी असते, समोच्च रेषा मोजण्यासाठी.