शेवटचे दोन सेकंद

फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज कापायला आता कसलंही कौशल्य लागत नाही. ॲप उघडायचं, दोन टोकांच्या दांड्या बोटाने आत सरकवायच्या आणि 'ट्रिम' दाबायचं. सुरुवातीची खुडबुड जाते, शेवटचं 'झालं का?', 'बंद कर आता' जातं आणि मधलं सुटसुटीत बोलणं उरतं. ध्वनिसंपादन हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे या सोयीचं मला कौतुकच वाटतं. ज्या कामाला पूर्वी टेप, ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन स्टुडिओत बसावं लागे, ते आता एसटीत बसून उरकता येतं. पण आवाजातला जो भाग आपण कचरा म्हणून टाकतो, त्यात बरेचदा बोलण्याचा अर्थ असतो आणि ते बोलणं खरंच तसं झालं याचा पुरावाही असतो. म्हणून माझा आग्रह असा, की मूळ रेकॉर्डिंग कापूच नये, कात्री लावायची ती त्याच्या नकलेला. हा आग्रह धंद्यातल्या माणसाचा सोवळेपणा वाटेल याची कल्पना आहे. पण मराठी बोलणाऱ्यांना त्याची गरज जरा जास्तच आहे, म्हणून सुरुवात भाषेपासून करतो.

मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. 'पैसे मी घेतले नाहीत' या वाक्याचा शेवटचा शब्द उडवला की आरोपीने गुन्हा कबूल केलेला असतो. 'ती जमीन त्यांनीच लाटली, असं गावात बोलतात' यातली शेपटी कापली, तर ऐकीव गोष्ट सांगणारा माणूस थेट आरोप करणारा होतो. 'म्हणे', 'वाटतं', 'असं ते म्हणाले', 'ना?', 'की काय', या सगळ्यांची जागा वाक्याच्या अखेरीला. बोलणारा आपल्या विधानाची किती जबाबदारी घेतो आहे, हे यांच्यावरून कळतं. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन जातो आणि कोण म्हणालं तेही बहुधा आधी सांगितलं जातं, त्यामुळे तिथे वाक्याचं टोक तुटलं तरी एवढा अनर्थ सहसा होत नाही. त्यात आणखी एक अडचण ध्वनीची आहे. विधान संपत आलं की सहसा फुप्फुसातला दाब कमी होतो, आवाज खाली येतो आणि बारीक होतो. घरगुती बोलण्यात तर 'नाही'चं 'नै' होऊन ते जेमतेम ऐकू येतं. फोनच्या पडद्यावर आवाजाची जी नागमोडी पट्टी दिसते, तिच्यात मधले ठसठशीत शब्द डोंगरासारखे उभे असतात आणि हा 'नै' सपाट रेषेहून किंचित जाड दिसतो. कापणारा कानाने नव्हे, डोळ्याने कापत असतो. त्याला तिथे काहीच दिसत नाही, म्हणून तो दांडी डोंगराच्या पायथ्याशी आणून ठेवतो. खोटेपणा करायचा हेतू नसतानाही अर्थ फिरतो तो असा.

टोकांनंतर मधली शांतता. रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या जागा आपोआप गाळण्याची सोय आता अनेक ॲपमध्ये आहे. ती दोन प्रकारची असते आणि त्यांतला फरक मोठा आहे. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमधली 'स्किप सायलेन्स' फक्त ऐकताना शांतता ओलांडून जाते, फाइल जशीच्या तशी राहते. तिला माझी काही हरकत नाही, तासाभराचं भाषण ऐकायला ती उपयोगीच आहे. दुसऱ्या प्रकारची सोय फाइलमधूनच शांतता कापून टाकते. प्रश्न विचारल्यावर चार सेकंद थांबून आलेलं 'हो' आणि तत्क्षणी आलेलं 'हो' ही दोन वेगळी उत्तरं आहेत, हे मुलाखत घेणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. किमान किती लांबीची शांतता कापायची, हा उंबरठा फार खाली आणला तर शब्दांनाही इजा होते. 'पक्का'मधला 'क्क' किंवा 'सत्ता'मधला 'त्त' उच्चारताना जीभ हवा अडवून धरते आणि तेवढा काळ खरोखरच शांतता असते, साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग. ती शांतता म्हणजेच जोडाक्षर. ती आक्रसली की 'पक्का'चा 'पका' होऊ लागतो.

मग उरतो मागचा आवाज. त्याला आपण सरसकट गोंगाट म्हणतो आणि 'एन्हान्स' किंवा 'नॉइज रिडक्शन'चं बटण दाबून मोकळे होतो. हे बटण बोलणं ओळखून वेगळं काढतं असा समज आहे. आताच्या काही प्रणाली तसा प्रयत्न करतातही, पण या तंत्राच्या मुळाशी असलेला हिशेब साधा आहे: जो आवाज सतत एकसारखा चालू आहे तो गोंगाट, जो बदलतो आहे ते बोलणं. या हिशेबात छताचा पंखा गोंगाट ठरतो हे ठीक, पण तानपुराही गोंगाट ठरतो. टाळेबंदीत ऑनलाइन गाणं शिकणाऱ्या असंख्य लोकांना हे अनुभवाने कळलं. गुरूंकडे तानपुरा सुरू असायचा आणि शिष्याला ऐकू यायचा नाही. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केल्यावर तो परत यायचा. याहून बोलका दाखला जात्याचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या आणि २०१७पासून 'परी' या संकेतस्थळावरून त्या लोकांपुढे येत आहेत. जातं फिरत असताना म्हटलेली ओवी आज कुणी फोनवर रेकॉर्ड केली आणि तिला सफाईचं बटण लावलं, तर यंत्राच्या दृष्टीने सर्वांत आधी काढून टाकायची गोष्ट म्हणजे जात्याची घरघर. ती गेली की ओवीची लय कशावर बसली होती, बाई कुठे जोर लावत होती आणि श्वास कुठे घेत होती, यातलं काहीच कळायचा मार्ग उरत नाही. राहतो तो स्वच्छ, अधांतरी आवाज.

आता पुराव्याकडे येऊ. गावच्या बैठकीचं किंवा फोनवरच्या धमकीचं रेकॉर्डिंग करणारे लोक नेमका 'महत्त्वाचा भाग' कापून ठेवतात आणि बाकीचं पुसतात. न्यायालयाच्या दृष्टीने हे अगदी उलटं झालं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला मुंबईच्या कॉरोनरवरचा. त्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून मान्य केलं, पण अटी घातल्या: संभाषण विषयाशी संबंधित हवं, आवाज कुणाचा ते ओळखता यायला हवं आणि टेपमधलं काही पुसलं गेल्याची शक्यता नाहीशी करून तिचा अचूकपणा सिद्ध व्हायला हवा. जालन्यातल्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात २०२० साली त्याच न्यायालयाने मूळ उपकरण आणि त्यावरून काढलेली नक्कल यांतला भेद पुन्हा स्पष्ट केला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून गणिताने काढलेली ओळखखूण. अर्धा सेकंद कापला तरी ती पूर्ण बदलते.

मागच्या गुणगुणीचाही इथे उपयोग होतो, आणि हा मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. घरातल्या विजेच्या उपकरणांची जी बारीक गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते ती ५० हर्ट्झच्या पुरवठ्यामुळे. हा आकडा बरोबर ५० कधीच नसतो, विजेची मागणी वाढली-घटली की तो किंचित खालीवर होत राहतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उर्वरित देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून हा चढउतार देशभर एकाच वेळी, एकसारखा होतो. गुणगुण पुरेशी स्पष्ट असेल आणि ग्रिडच्या नोंदी हाताशी असतील, तर ती रेकॉर्डिंगवरच्या तारखेच्या शिक्क्यासारखी वापरता येते. मध्येच काही कापलं असेल तर तिची लय त्या जागी अडखळते आणि तज्ज्ञाला सांधा सापडतो. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या २० जून १९७२च्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटांची पोकळी निघाली, तेव्हा तज्ज्ञांच्या समितीला टेपवर राहिलेल्या चुंबकीय खुणांवरून किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसल्याचं सांगता आलं. फोनच्या फाइलवर अशा खुणा राहत नाहीत. तिथे पार्श्वभूमीतली ही गुणगुण मोलाची साक्षीदार, आणि सफाईच्या बटणाने आपण तिलाच आधी घालवतो.

हे सगळं नीट, जपून कापलं तरी होईलच का, असं कुणी विचारेल. फोनवर जपून कापणं कठीण असतं, कारण पडदा लहान. तासाभराचं रेकॉर्डिंग १०८० बिंदूंच्या रुंदीत मावलं, तर एका बिंदूत सव्वातीन सेकंदांहून जास्त आवाज असतो. बोटाच्या टोकाखाली पडद्याचा सातवा हिस्सा झाकला जातो, म्हणजे आठेक मिनिटं. पट्टी ताणून मोठी करता येते, पण किती जण करतात? शिवाय बहुतेक फोन एम४ए प्रकारची, एएसी पद्धतीने दाबलेली फाइल बनवतात. त्या पद्धतीत आवाज सुमारे २३ मिलिसेकंदांच्या ठोकळ्यांमध्ये बांधलेला असतो. ॲप एकतर ठोकळ्याच्या सीमेवर कापतं, नाहीतर आवाज उलगडून पुन्हा दाबतं, आणि प्रत्येक दाबण्यात थोडा तपशील जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काही ॲप कापलेला भाग नव्या फाइलमध्ये ठेवतात, तर काही मूळ फाइलवरच लिहितात. तुमचं कुठल्या जातीचं आहे हे एखाद्या फालतू रेकॉर्डिंगवर तपासून पाहिल्याशिवाय कात्री उचलू नये.

जागा पुरत नाही हा आक्षेप नेहमीचा, आणि तो आकड्यांपुढे टिकत नाही. न दाबलेला एकपदरी आवाज तासाला सुमारे ३१८ एमबी घेतो हे खरं, पण ६४ केबीपीएसला दाबलेलं बोलणं तासाला २९ एमबीत बसतं. फोनवरचे आठ-दहा फोटो तेवढी जागा खातात. आजोबांच्या तासभराच्या आठवणी ठेवायला जागा नाही असं म्हणणाऱ्याने सकाळचे गुड मॉर्निंगचे फोटो मोजावेत. दुसरा आक्षेप व्यवसायातूनच येतो: आकाशवाणीपासून पॉडकास्टपर्यंत सगळेच कापतात, मग सामान्य माणसावर हे बंधन का? कापायला माझी ना नाहीच. ऐकणाऱ्याचा वेळ मोलाचा आहे आणि चाळीस मिनिटांच्या अनावर गप्पा कुणावर लादू नयेत. पण व्यावसायिक संगणकावर कापतो तेव्हा बहुतेक वेळा मूळ फाइलला हातच लागत नाही. कुठून कुठपर्यंत वाजवायचं एवढ्या सूचना वेगळ्या साठवल्या जातात आणि उद्या विचार बदलला तर दांडी परत सरकवता येते. फोन ही मुभा सहसा देत नाही, ती आपण नक्कल काढून मिळवायची.

तिसरा आक्षेप मात्र खरा जड आहे. रेकॉर्डिंग चालू असल्याचा विसर पडून बोलणारी व्यक्ती सुनेबद्दल, शेजाऱ्याबद्दल, स्वतःच्या दुखण्याबद्दल असं काही बोलून जाते, की जे जपून ठेवणं हाच अन्याय ठरेल. इथे माझा नियम वाकतो, आणि वाकायलाच हवा. आवाज जिचा आहे तिने सांगितलं, की मूळ फाइलमधूनही तो भाग काढायचा. तो ठेवायचा की काढायचा हे तिने ठरवायचं, संग्राहकाने किंवा नातवाने नव्हे. मात्र अशा वेळी साधं ट्रिम पुरेसं समजू नये. एम४ए फाइलच्या रचनेत 'इथपासून वाजव' अशी नुसती सूचना लिहून आधीचा भाग लपवण्याची सोय आहे, आणि तसं झालं तर तुम्ही वगळलेलं बोलणं फाइलच्या पोटात शिल्लक राहून ती पुढे पाठवली जाते. खासगी भाग काढल्यावर उरलेला आवाज दुसऱ्या प्रकारच्या, उदाहरणार्थ वेव्ह, फाइलमध्ये नव्याने काढून घ्यावा आणि जुनी फाइल डिलीट करून कचरापेटीतूनही काढावी.

नकलेवर मग हवी तेवढी कात्री चालवा. दांडी डोळ्याने ठेवली तरी कानात इअरफोन घालून कापण्याआधीचे आणि नंतरचे चार सेकंद ऐका. शब्दाच्या आधी श्वास असेल तर श्वासाच्या अलीकडे कापा, श्वास आणि शब्द यांच्या मधोमध नको, नाहीतर माणूस गुदमरल्यासारखा वाटतो. टोकाला खोलीची एक-दोन सेकंद शांतता राहू द्या. आणि वाक्याच्या मध्ये सांधा घातला असेल तर ऐकणाऱ्याला तसं सांगा, निदान फाइलच्या नावात 'संपादित' असं लिहा.

या दिवाळीत घर भरलेलं असेल, कुणीतरी जुन्या गोष्टी सांगायला बसेल आणि कुणीतरी फोन पुढे करेल. ते रेकॉर्डिंग बंद केल्याबरोबर, कापण्याच्या आधी, त्याची एक नक्कल काढा आणि मूळ फाइलला बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख द्या. आयफोनवर पुसलेलं अख्खं रेकॉर्डिंग 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये एरवी तीस दिवस राहतं. कापून टाकलेले दोन सेकंद तिथे जात नाहीत.