थोरल्याच्या पत्रिकेवरून धाकटीची पत्रिका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. राहुरीत पप्पांच्या डीटीपीच्या दुकानात त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. सपोर्ट संपला तरी मशीन चालत राहतं, फक्त सुरक्षेचे नवे अपडेट येत नाहीत. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर लागणाऱ्या मशीनला हे परवडणारं नाही.

विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमचा त्यात बसत नाही. म्हणजे मशीनच नवं घ्यायचं. ते एका लग्नसराईत निघेल. अडचण पैशांची कमी आणि जुन्या फाइलींची जास्त आहे.

पप्पांच्या हार्ड डिस्कवर वीस वर्षांच्या पत्रिका आहेत, पेजमेकरमध्ये केलेल्या. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. त्यातलं मराठीही जुन्या फॉन्टमधलं. तुम्ही फोनवर टाइप करता ते युनिकोड. त्यात देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून ते कोणत्याही फोनवर मराठीच दिसतं. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. आपल्याला ‘चि. सौ. कां.’ दिसतं, कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट नसला की मराठी गेलं. २०२४मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा जुनं नाव कोणकोणत्या पत्रिकांत आहे हे कॉम्प्युटरला शोधता येईना. पप्पा एकेक फाइल उघडत बसले.

‘जुनं सोडून द्या ना,’ असं मी म्हटलं. पप्पा म्हणाले, ‘आपला धंदा जुन्यावरच आहे.’ थोरल्याच्या पत्रिकेवरून धाकटीची पत्रिका होते. निमंत्रक कोण, आशीर्वाद कुणाचे, किलबिलमध्ये कोणती पोरं, हा क्रम एकदा घरात भांडून ठरलेला असतो. तो चुकला तर भावकीत वर्षभर अबोला. गिऱ्हाईक आमच्याकडे परत येतं ते आमच्याकडे हा क्रम आहे म्हणून.

ऑक्टोबर २०२६पर्यंतचे जादा अपडेट घेता आले असते, पण त्याने प्रश्न वर्षभर पुढे गेला असता, इतकंच. शेवटी दोन मशीन ठेवायचं ठरलं. नव्यावर विंडोज ११ आणि सगळं काम युनिकोडमध्ये. रेमिंग्टन पद्धतीचा कीबोर्ड युनिकोडलाही मिळतो, त्यामुळे टायपिंग क्लासमध्ये तयार झालेली पप्पांची बोटं तशीच चालतील. जुन्याचं इंटरनेट काढलं, त्यात बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही. फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली.

मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये येतो, पण जोडाक्षरं आणि रफार कुठे कुठे घसरतात. आडनावातला रफार चुकून चालत नाही. म्हणून प्रत्येक पत्रिका डोळ्यांनी तपासावी लागते. रोज रात्री तीन-चार होतात. सगळ्या कधीच होणार नाहीत, हे पप्पांना माहीत आहे. त्यांनी वहीत यादी केलीय. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं आहेत, त्यांच्या फाइली आधी.