एका जुन्या रायफलीची किंमत

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य गर्दीतून पुढे येतो आणि आपल्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगावे, अशी येशूला गळ घालतो. प्रभू त्याला साफ नकार देतो. सेमिनरीत हा उतारा आम्ही अभ्यासला, पुढे त्यावर प्रवचनेही केली. तरीसुद्धा गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील दोन सख्खे भाऊ वडिलांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आमच्या कचेरीत येऊन बसले, तेव्हा प्रभूइतके स्पष्ट उत्तर देणे आम्हांला साधले नाही. घर, शेत, बैलजोडी यांची वाटणी त्यांनी आपसांत केली होती. अडले होते एका जुन्या रायफलीपाशी.

धाकट्याच्या मते तिची किंमत चार लाख होती. निम्मे पैसे हाती पडले तर मुलीचा नर्सिंगचा प्रवेश पक्का होणार होता. थोरला म्हणत होता, भंगारवालादेखील तिला हात लावणार नाही. "फादरजी, तुम्ही सांगाल तो आकडा आम्हांला मान्य," दोघेही म्हणाले. बंदुकीतले आम्हांला काय कळणार? पण नाही म्हटले असते तर हे दोघे कोर्टाची पायरी चढले असते.

रायफल आमच्या ओळखीची होती. गोंडपिपरीहून आष्टीकडे जाताना वैनगंगा ओलांडली की त्यांचे धानाचे शेत लागते. म्हातारबाबा रात्री रानडुकरांच्या राखणीला माळ्यावर बसत आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला थेट तिथूनच येत. मग ती रायफल मिस्सा संपेपर्यंत आमच्या सॅक्रिस्टीत, कपड्यांच्या कपाटात कुलूपबंद राही. एका वर्षी, भरलेली तर नाही ना, असे आम्ही घाबरत विचारले. म्हातारबाबा हसले. "पंचवीस वर्षं झाली गोळ्या सरून, फादरजी. पण हे डुकराले कुठं माहीत आहे?"

तिचा इतिहास असा. आजोबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला होते. १९४७ साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज वन-अधिकाऱ्याकडून त्यांनी ती विकत घेतली. तेव्हा चांदा जिल्हा अखंड होता. गडचिरोली वेगळी झाली ती १९८२ साली. शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक परवान्यावर मिळत. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेला शिकारीचा शौकही संपविला, आणि रायफल पिकाच्या राखणीला लागली.

म्हातारबाबा गेल्यावर थोरल्याने कायद्याप्रमाणे ती नागपूरच्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवायला दिली होती. एका सोमवारी आम्ही तिघे तिथे गेलो. विक्रेता वयस्क, चष्मा नाकावर उतरलेला, मोजके बोलणारा. त्याने नळीवरची अक्षरे वाचली, नंबर टिपून घेतला. अमेरिकेतल्या न्यू हेवन गावची विंचेस्टर, १८९४ चे मॉडेल. नंबरावरून १९२० नंतरच्या दशकातली. चापाभोवतीची लोखंडी कडीच लांबवून तिची तरफ केलेली असते. ती खाली ढकलून पुन्हा वर ओढली की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि नवे नळीत बसते. जॉन ब्राउनिंग या कारागिराची ही योजना. त्याने ती तरफ दोनदा हलवून दाखविली. शंभर वर्षांची वस्तू, पण आवाज नव्या कुलपासारखा.

धाकट्याचे डोळे चमकले. विक्रेत्याने मात्र दस्ता उलटा धरून खिडकीपाशी नेला. "हे कोणी घासलं?" धाकट्याने मान खाली घातली. वडिलांच्या आजारपणात, वस्तू चकचकीत दिसली तर भाव चढेल, या समजुतीने त्यानेच पॉलिश पेपर मारला होता. नळीवरचा मूळचा निळसर काळा मुलामा ठिकठिकाणी गेला होता. हौशी संग्राहक त्या मुलाम्याचेच पैसे मोजतात. गंज परवडला, पण घासलेले लोखंड नको, असा त्यांचा हिशेब असतो.

शिवाय जुनी म्हणजे दुर्मिळ असेही नाही. या मॉडेलच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. १९६४ साली कारखान्याने खर्च वाचविण्यासाठी घडण बदलली, म्हणून त्याआधीच्या रायफलींना अमेरिकेत अधिक मान आहे. तरीही साधी, न घासलेली रायफल तिथे हजार डॉलरच्या मागेपुढे जाते. धाकट्याचे चार लाख आले होते ते कुठल्याशा दुसऱ्या परदेशी रायफलीच्या सौद्यावरून. खाजगी आयात १९८० नंतरच्या दशकात बंद झाल्यामुळे आपल्याकडे परदेशी शस्त्रांचे भाव चढले, हे खरेच. पण चढले ते ज्यांची काडतुसे मिळतात त्यांचे. इथे गोळी 'थर्टी-थर्टी'. नळीखालच्या लांब पोकळीत काडतुसे एकामागे एक बसतात, म्हणून गोळीचे तोंड चपटे लागते. टोकदार असली तर पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळण्याचा धोका. इच्छापूरला बनणाऱ्या .३१५ रायफलीची काडतुसे खडकीच्या कारखान्यातून येतात, पण ती हिच्या काही कामाची नाहीत.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रे ठेवता येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. ज्याला दोनच जागा आहेत तो त्यातली एक बिनगोळीच्या रायफलीवर कशाला घालवील? खाजगीत विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलिस ठाण्याला कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचे, आणि घेणाऱ्यापाशी परवाना हवाच. आमच्या भागात तर घरात बंदूक असणे ही कित्येकांना नको असलेली जोखीम वाटते. गडचिरोलीत गावकऱ्यांनी आपल्या ठासणीच्या भरमार बंदुकाही अलीकडे आपण होऊन पोलिसांकडे जमा केल्या आहेत.

"मी घेतली तर चाळीस हजार," विक्रेता म्हणाला, "आणि कधी विकली जाईल, ते देवाला ठाऊक." वर ठेवणावळीचे महिन्याचे भाडे चालू होते, ते वेगळेच.

परतीच्या बसमध्ये कोणी बोलले नाही. मूलजवळ धाकटा हळूच म्हणाला, "मी घासली नसती तर?" दहा-पंधरा हजार अधिक आले असते, फार तर. आम्ही हे त्याला सांगितले. सांगायला नको होते की काय, हे अजून आम्हांला ठरविता आलेले नाही.

पुढच्या रविवारी त्यांची आईही कचेरीत आली. थोरल्याने चाळीस हजारांचा आकडा मान्य केला, रायफल आपल्या नावे करण्यासाठी वारसाचा अर्ज लिहिला आणि धाकट्याच्या हातावर वीस हजार ठेवले. नर्सिंगच्या प्रवेशाला ते पुरणारे नव्हते. थोरला क्षणभर थांबला, मग त्याने धानाच्या पैशांतून आणखी दहा काढून दिले. ते कशाचे, हे त्याने सांगितले नाही आणि धाकट्यानेही विचारले नाही. आम्ही कागदावर वीसच लिहिले.

आई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. उठताना तिने विचारले, "फादरजी, तो दुकानवाला तिले तेल तरी देते का? आमचे हे दर शनिवारी देत होते."

आम्ही नागपूरला फोन लावला.