भिंतीवरची लढाई

आमच्या जुन्नर-आंबेगावकडं जुन्या घराच्या ओटीवर तसबिरींची एक रांग असायची. लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन आणि त्याच रांगेत अफझलखानाचा वध. लढाईचं चित्र देवांत कसं, असं कुणी विचारलं नाही. अंगणातून शिवनेरी दिसतो, तिथं हा प्रश्न पडणार कुणाला?

मास्तरकी करता करता मी ही चित्रं जमवत गेलो. आज लहानमोठी चाळीसेक आहेत. इकडची माणसं पोटासाठी मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी बाजारात हमालीला, कुणी डबे पोचवायला. सणाला गावी येताना पत्र्याच्या ट्रंकेत लुगडं, खाऊ आणि धोतरात गुंडाळलेली एखादी तसबीर. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८ साली चित्रशाळा निघाली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यात शोभणारं रंगीत चित्र तेव्हापासून शेणानं सारवलेल्या घरात आलं.

ही छपाई दगडावरची. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. ओला भाग शाई घेत नाही, तेलकट रेघ घेते. रंगागणिक दगड वेगळा. एखादा केसभर सरकला, की अंगरख्याचा लाल रंग कडेबाहेर सांडलाच. भिंगातून बघावं. नव्या छपाईचे ठिपके शिस्तीत ओळीनं असतात, जुन्यात रवा विखुरलेला दिसतो.

चुलीचा धूर, वाळवी, कसर ही त्यांची जुनी दुखणी. पण खरा घात केला स्लॅबच्या घरांनी. घर उतरवलं, की देवांच्या तसबिरी नदीत सोडायच्या आणि सागवानी चौकटी भंगारवाल्याला द्यायच्या.

घोड नदीच्या खोऱ्यात एका आजींकडं खानवधाचं मोठं चित्र होतं. काच फुटलेली, छापखान्याचं नाव असलेली खालची पट्टी वाळवीनं खाल्लेली. खानाचे डोळे पोरांनी खिळ्यानं खरवडलेले. व्यापारी म्हणाला असता, माल खराब. मला तेच डोळे मोलाचे वाटले. तीन पिढ्यांची पोरं त्या लढाईत उतरली होती. मी किंमत विचारली.

आजी म्हणाल्या, "मास्तर, मालकांनी पयल्या पगाराचं आणलंय ते. इकायचं नसतं."

मी पुन्हा विषय काढला नाही. चार वर्षांनी घर उतरवायची वेळ आली. आजींनी नातवाच्या हाती ते चित्र माझ्याकडं पाठवलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून. पैसे घेतले नाहीत. निरोप तेवढा होता: "दसऱ्याला झेंडूची माळ घाला. आमच्यात खंड नाय पडला कधी."

संग्रह दाखवा म्हणून शहरातले लोक येतात. चित्र कधीचं, कुठं छापलं, आज काय भाव येईल, हे विचारतात. मी सांगतो. पण माझ्या वहीत प्रत्येक चित्रापुढं आणखी एक रकाना आहे: कुणाच्या घरचं, कुणी आणलं, त्याला काय लागतं. कुणाला गुढीपाडव्याला साखरेची गाठी, कुणाला श्रावणात उदबत्ती. मोठं काम त्या रकान्याचंच आहे. आजी आता नाहीत. माळ दर दसऱ्याला चढते.