चिंतामणरावांचा राजीनामा

आम्ही रायगड जिल्ह्यातले, म्हणजे जुन्या कुलाब्यातले मुसलमान. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. चिंतामणराव देशमुख आम्हांला आमच्याच मुलखातले वाटतात. 1896 साली महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म. 1918 मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला क्रमांक, मग मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरी. उमेदीची वर्षं इंग्रजांच्या चाकरीत गेली, हे लपवायचं कारण नाही.

1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. फाळणीनंतर 30 जून 1948 पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँकही तीच होती. तिकडच्या नोटांवर उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ छापलेलं आणि काहींवर सही देशमुखांची! कराचीला गेलेल्या आमच्या भाऊबंदांच्या खिशात महाडकडच्या माणसाची सही होती म्हणायची.

1950 मध्ये ते अर्थमंत्री झाले, 1952 मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले.

खरी गोष्ट 1956 ची. 16 जानेवारीला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. देशमुखांनी राजीनामा दिला. तो जुलैत मंजूर झाला. लोकसभेतल्या निवेदनात त्यांनी विचारलं ते फायलींत मुरलेल्या माणसासारखंच: एवढा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येता झाला कसा? आणि गोळीबाराची चौकशी का नाही? पहिला आरोप नेहरूंनी मानला नाही.

आम्हांला दुसरा प्रश्न अधिक जवळचा. चौकशीची मागणी करण्यात आमच्या समाजाच्या पिढ्या गेल्या. चौकशी झाली तरी पुढे काय होतं, हे 1998 मध्ये श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आल्यावर आम्ही पाहिलं. अशा प्रश्नावर खुर्ची सोडणारा मंत्री मात्र नंतर आमच्या पाहण्यात नाही.

त्याच लढ्यात बार्शीचे शाहीर अमर शेख, मूळचे मेहबूब पटेल, डफावर थाप मारून मुंबई मागत होते. तेव्हा ‘मराठी माणूस’ म्हणताना आमची नावं कोणी वगळत नव्हतं.

1969 मध्ये देशमुख राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर. तिसरे आले. जनसंघाच्या पंगतीत त्यांना बसलेलं पाहून आमच्या वडीलधाऱ्यांची मोठी पंचाईत झाली होती. तरी छप्पन सालचा विषय निघाला की ते ‘आपले चिंतामणराव’ असंच म्हणत.