विपाशेच्या कांठचा वटवट्या

गेल्या ज्येष्ठांत कुलूच्या खोऱ्यांत बारा दिवस राहण्याचा योग आला. प्रवास आमच्या हौसेचा नव्हे. आमच्या थोरल्या बंधूंची नात प्राणिशास्त्राची पदवी घेऊन पक्ष्यांच्या अभ्यासास लागली आहे. तिला मनालीस जावयाचें होतें, आणि "सोबतीस घरचें कोणी तरी हवें" असें वडीलधाऱ्या मंडळींनीं ठरविल्यावर निवृत्त शिक्षकाइतका रिकामा माणूस घरांत दुसरा कोण सांपडणार?

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार मीटर उंच आहे. गांवाखालून बियास नदी वाहते. हिचें जुनें नांव विपाशा. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या वसिष्ठांनीं स्वतःस पाशांनीं बांधून घेऊन जिच्यांत उडी टाकली, आणि जिनें ते पाश सोडवून त्यांस कांठावर आणून सोडलें, ती ही नदी. पलीकडच्या तीरावर वसिष्ठ नांवाचेंच गांव असून तेथें उष्णोदकाचीं कुंडें आहेत. इ. स. १५५३ मधील हिडिंबेचें लांकडी देऊळ व त्याभोंवतालची देवदारांची राई हीं पाहण्यासारखीं खरीं. मोटारींच्या रांगांविषयीं मात्र न लिहिलेलेंच बरें.

तिसऱ्या दिवशीं पहांटेस वरच्या रानाकडे निघालों. देवदार मागें पडले, आणि दमछाक होऊं लागली तेव्हां कोठें भूर्जवृक्ष दिसूं लागले. ज्याच्या सालीवर पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या तो वृक्ष आम्हीं वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं प्रथम पाहिला! सालीचा एक गळून पडलेला पापुद्रा हातांत घेऊन आम्ही बसलों असतां मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, वर पाहा."

पक्षी दिसण्याआधीं ऐकूं आला. चिमणीहूनही लहान, वजन तोळाभरसुद्धां नाहीं. पाठ हिरवट करडी, पोट मळकट पांढरें, डोळ्यावर फिकट भिंवई आणि पंखावर पुसटशी आडवी पट्टी. मराठींत ह्याच्या कुळास वटवट्या म्हणतात.

"हा तर आपल्या परसांतील आंब्यावर येतो तो!" आम्ही म्हणालों.

"त्याचा भाऊबंद. आपल्याकडे येणारा थंडीपुरता येतो, आणि बहुधा ह्याहून पुष्कळ उत्तरेकडून येतो."

मग त्या शिळेवर बसून तिनें जें सांगितलें, आणि घरीं आल्यावर आम्हीं वाचून ताडून पाहिलें, तें असें. तिबेटचें पठार वृक्षहीन आहे. ह्या पक्ष्यास घरट्यासाठीं रान लागतें. म्हणून मधलें पठार टाकून त्याची वस्ती सभोंवार कड्यासारखी पसरली आहे. हिमालयापासून एक बाजू काश्मीर, तिएनशान अशी पश्चिमेनें वळत पश्चिम सायबेरियांत जाते. दुसरी नेपाळ व चीन ह्या मार्गानें पूर्व सायबेरियांत पोंचते. ह्या वाटेवरील कोणताही पक्षी आपल्या शेजाऱ्यासारखाच असतो. रंगांत व गाण्यांत पडला तर लेशमात्र फरक. परंतु असे लेश सांठत सांठत जातात. शेवटीं दोन्ही टोकें मध्य सायबेरियांत, येनिसेई नदीच्या प्रदेशांत, पुन्हां एकत्र येतात. तेथें पश्चिमेकडून आलेल्याच्या पंखावर एक पट्टी, पूर्वेकडून आलेल्याच्या पंखावर दोन! रान एकच, पण सोयरीक जवळजवळ नाहींच.

हें कडें प्रथम ओळखलें तें क्लॉड टाइसहर्स्ट ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें, १९३८ सालीं. पुढें डॅरेन अर्विन, स्टाफन बेन्श व ट्रेव्हर प्राइस ह्यांनीं त्या प्रदेशांत हिंडून, गाणीं मुद्रित करून व रक्ताचे नमुने तपासून २००१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्विन ह्यांच्या अभ्यासस्थळांत मनालीही होती.

संध्याकाळीं बिऱ्हाडाच्या ओसरीवर मुलीनें मोबाइलवर तीन ठिकाणचीं गाणीं ऐकविलीं. रानांत तीं लावावयास तिनें साफ नकार दिला होता. विणीच्या दिवसांत नर उगाच चवताळतो, तो आपला खेळ नव्हे, असें तिचें म्हणणें. हिमालयांतील गाणें आंखूड व साधें, एखादें चरण पुन्हां पुन्हां घोळावें तसें. सायबेरियांतील दोन्ही गाणीं लांब व गुंतागुंतीचीं. परंतु दोहोंची बांधणी इतकी निराळी कीं आमच्या अशिक्षित कानासही तीं एका घराण्याचीं वाटेनात. अर्विन ह्यांनीं हीं गाणीं नरांस ऐकवून पाहिलीं. आपलें गाणें कानीं पडतांच नर त्वेषानें धांवून येई. पण पश्चिम सायबेरियांतील नरास पूर्वेचें गाणें ऐकविलें तर तो ढिम्म हालत नसे. पूर्वेकडील नराचेंही तसेंच.

बारा कोसांवर भाषा बदलते हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. रत्नागिरीहून किनाऱ्यानें मालवण, गोवें करीत कारवारास पायीं जाणाऱ्यास कोणत्या मैलाच्या दगडाशीं बोली बदलली तें सांगतां येणार नाहीं. येथेंही तसेंच, मात्र येथें वाट वाटोळी असल्यामुळें दोन टोकें समोरासमोर उभीं राहतात.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. न्यायशास्त्रांत जाति नित्य मानिली आहे. ती एक असून अनेक व्यक्तींत राहते. उदयनाचार्यांनीं जातीचे जे सहा बाधक सांगितले त्यांत संकर हा एक. दोन धर्म कोठें एकत्र राहतात, आणि अन्यत्र पहिला दुसऱ्यावांचून व दुसरा पहिल्यावांचूनही आढळतो. तर तेथें जाति मानतां येत नाहीं. आतां हा वटवट्या पाहा. पश्चिमेचा आपला आप्त व पूर्वेचाही आपला आप्त, असें हिमालयांतील पक्षी म्हणूं शकतो. सायबेरियांतील दोघे मात्र परस्परांस ओळखीत नाहींत. हा धडधडीत संकर! नैयायिक म्हणेल, मग ह्यांत जातिच नाहीं. सृष्टिशास्त्रज्ञ म्हणतो, जाति येथें घडत आहे. इतकीं वर्षें शास्त्राच्या बाजूनें पंक्ति लावीत आलेले आम्ही त्या रात्रीं दुसऱ्या बाजूस कललों.

मात्र अर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनींच २०१४ सालीं अधिक बारकाईनें आनुवंशिक तपासणी केली, तेव्हां कड्याचे कांहीं भाग पूर्वीं मधूनमधून तुटलेले असावेत व सायबेरियांतही क्वचित् संकर होतो, असें दिसलें. उत्तर चीनमध्यें तर कडें आजही खंडित आहे. तेथील जंगलतोड हें त्याचें कारण समजतात. निसर्ग आपल्या आकृतींस अगदीं बरोबर बसेल असें नाहीं. पण हळूहळू होणाऱ्या पालटाची साक्ष त्यामुळें पुसली जात नाहीं.

झोंप न लागण्याचें दुसरेंही कारण होतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं शाळेंत विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळें तो तास आम्हांकडे आला होता. एका जीवापासून दुसरी जाति कशी उत्पन्न झाली तें आम्ही पुस्तकांतून वाचून दाखवीत होतों. एक मुलगा उठला व म्हणाला, "गुरुजी, मग असा एक दिवस आला असेल ना, कीं आई एका जातीची आणि पिलूं दुसऱ्या जातीचें?" वर्ग हंसला. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें, म्हणून राग आला, आणि त्यास तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें. पुढें त्यानें कधींच कांहीं विचारलें नाहीं. तो आज तालुक्याच्या गांवीं औषधांचें दुकान चालवितो. भेटला कीं वांकून नमस्कार करितो, तो आम्हांस नेहमींच बोंचत आला आहे.

सकाळीं त्यास पत्र लिहिलें. पठार मधोमध काढून भोंवतीं कडें आंखलें, गांवांचीं व पर्वतांचीं नांवें घातलीं, आणि खालीं लिहिलें कीं तुझ्या प्रश्नाचें उत्तर असें: तसा दिवस कधींच आला नाहीं. प्रत्येक पिलूं आपल्या आईच्याच जातीचें होतें. तरीही टोकाशीं जाति दोन झाल्या. काळाच्या पोटांत जें आपणांस दिसत नाहीं तें ह्या पक्ष्यानें जमिनीवर पसरून ठेविलें आहे. तूं बरोबर विचारलें होतेंस. उभें राहण्याची पाळी माझी होती.

उत्तर आठ दिवसांनीं आलें. नमस्काराखालीं दोनच ओळी होत्या: नकाशा दुकानांत कांचेखालीं लावला आहे, आणि धाकटी मुलगी विचारते कीं मधल्या पठारावर झाडें लावलीं तर काय होईल? त्याचें उत्तर अद्याप आम्हीं दिलेलें नाहीं. नातीस विचारलें, तीही विचारांत पडली.

कार्तिकांत एके सकाळीं परसांतील आंब्यावरून ओळखीचा दोन अक्षरी आवाज आला. चष्मा पुसून खालीं जाऊन उभे राहिलों. पक्षी पानांआड शिरला, पुन्हां बाहेर आला. पंखावर पट्टी एकच होती.